गतिरोधक मागितला, उंबरठा मिळाला

आमच्या भागातल्या रस्त्यांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, ‘नागरिकांच्या मागणीवरूनच गतिरोधक टाकले.’ खरंय, त्या अर्जावर माझीही सही आहे. पण जे मिळालं त्याला गतिरोधक म्हणायचं? रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) निकषांतला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चाक सावकाश चढून उतरतं. आमच्या शाळेपुढचा मी टेपने मोजला. रुंदी जेमतेम दीड फूट! पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही. परवा आईला मागे बसवून निघालो होतो, ती ‘हळू रे भो’ म्हणेस्तोवर दणका बसलासुद्धा. दोन दिवस कंबर शेकत होती. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते केळीचे ट्रक तसेच धडधडत जातात.

फुटपाथचं तर बोलूच नका. त्यावर विजेची डीपी आहे, रसवंती आहे, लग्नसराईत मांडवाचे खांबही असतात. माणसं तेवढी रस्त्यावर.

खड्ड्यांचं खापर पावसावर फोडू नका. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या शेतकऱ्याला विचारा. खालचा थर नीट न भरता वर डांबर ओतलं तर ते उखडणारच. त्यात रस्ता झाला की महिनाभरात पाइपलाइनवाले खोदायला हजर!

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याचे निकष न पाळल्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणी जायबंदी झालं, तर ठेकेदाराला किंवा संबंधित यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. आमच्या नव्या अर्जात हे कलम लाल शाईने लिहिलंय. पोच मिळाली, उत्तर नाही.