प्री-वॉर घर बघायला जाताना

न्यूयॉर्कमध्ये घर शोधताय आणि जाहिरातीत 'प्री-वॉर' असं दिसलं? मग डोळे झाकून जा. घर बघतानाही झाकलेलेच ठेवलेत तर उत्तम. यातलं वॉर म्हणजे दुसरं महायुद्ध. त्यानंतरच्या इमारतींत भिंती पातळ, छत बुटकं आणि खिडक्या चक्क लागतात. त्यात कसली आलीय मजा?

आधी भिंतीवर थाप मारा. भरीव आवाज आला की समाधानानं मान डोलवा. प्लास्टरच्या आत लोखंडी जाळी असेल तर शेजारच्यांचं भांडण तुमच्यापर्यंत येणार नाही, आणि तुमचं वाय-फाय तुमच्याच बेडरूमपर्यंत जाणार नाही. खिडकीच्या चौकटीवरचं नक्षीकाम रंगाच्या थरांखाली गाडलं गेलंय. नखानं खरवडून बघायचा मोह आवरा. घरातल्या शिशाच्या विषारी रंगावर शहरानं 1960 साली बंदी घातली, तळातले थर त्याआधीचे असणार.

खरी परीक्षा रेडिएटरची, म्हणजे बॉयलरमधून येणाऱ्या वाफेनं खोली गरम करणाऱ्या लोखंडी धुडाची. 1918 च्या फ्लूनंतर मोकळ्या हवेचं एवढं महत्त्व वाढलं की, कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही घर गरम राहावं, अशा हिशेबानं बॉयलर बसवले गेले. फ्लूची ती साथ गेली, हे त्यांना कुणी कळवलेलं नाही. त्यामुळे जानेवारीत बाहेर बर्फ पडत असताना तुम्ही बनियनवर, खिडकी सताड उघडी टाकून बसाल. कायद्यानं 1 ऑक्टोबर ते 31 मे हा हीटिंगचा मोसम. बाहेर पारा 55 फॅरनहाइटखाली गेला की दिवसा घरात किमान 68 हवं. 'किमान' म्हणजे काय, ते रेडिएटर तुम्हाला समजावेल. रेडिएटरची चावी अर्धवट फिरवून उष्णता बेतात ठेवायची हुशारी करू नका. वाफ वर येते त्याच नळीतून पाणी खाली जायचं असतं. ते अडलं की पहाटे कुणीतरी हातोडीनं पाइप बडवतंय असं वाटेल. सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, बोलावलंत तर तो ऐकेल, "स्टीम आहे" म्हणेल आणि जाईल.

इमारत सहा मजल्यांहून उंच असेल तर बाहेरच्या भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची. त्यासाठी फुटपाथवर मांडव पडतो. तो कधी निघणार, हे विचारणं असभ्यपणाचं आहे.

एवढं सगळं आवडलं आणि इमारत को-ऑप, म्हणजे रहिवाशांच्या संस्थेच्या मालकीची, निघाली, तर बँकेचे आणि टॅक्सचे कागद घेऊन बोर्डापुढे मुलाखतीला बसा. नापसंत ठरलात तर कारण सहसा सांगत नाहीत.