पाळी बदलताना

आपल्या जुन्या कारखान्यात परत जाण्यावरचा एक लेख वाचला. तिथे लेखकाचं लक्ष आधी सुरक्षेच्या फलकांकडे गेलं. माझ्या जुन्या कारखान्यात माझं गेलं पंपाच्या स्विचला लावलेल्या लाल कुलपाकडे; दुरुस्ती चालू असताना कुणी पंप सुरू करू नये म्हणून ते लावतात. आमच्या वेळी तिथे नुसती ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी असायची. एकदा ती गळून पडली आणि माझ्या सहकाऱ्याची दोन बोटं गेली. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर १६७ माणसं गेली. तिथेही पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे रात्रपाळीला कळलंच नव्हतं. आमचे एक फोरमन मात्र पाळी बदलताना स्वतः मशीनपाशी उभं राहून एकेक गोष्ट दाखवायचे. उत्पादन थांबलं तरी चालेल, असं म्हणणारे तेच एकटे. परवा तिथल्या नव्या मुलाने मला हेल्मेटशिवाय आत सोडलं नाही. फार बरं वाटलं.