दार नंबर 80

रविवारी दुपारी दोन ते सहा मी सोसायटीच्या ऑफिसात बसून एकच बटण दाबत होतो. गुन्हा माझाच. वार्षिक सभेत कुणीतरी "आपली वेबसाइट हवी" म्हणालं आणि मी नेमका तेव्हाच समोसा घ्यायला उठलो. उभा दिसला तो तयार झाला, अशी इतिवृत्तात नोंद.

तर झॅम्प, म्हणजे आपल्याच कम्प्युटरवर वेबसाइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर. पानं दाखवणारं अपाची, माहिती साठवणारं मारियाडीबी, शिवाय पीएचपी आणि पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषा, सगळं एकाच पुड्यात, तेही फुकट. टाकलं, अपाचीसमोरचं स्टार्ट दाबलं. नाव क्षणभर पिवळं झालं आणि खाली लाल अक्षरांत आलं की अपाची अनपेक्षितपणे बंद पडलं. आठव्या वेळीही 'अनपेक्षितपणे'च. मला तर तिसऱ्यांदाच अपेक्षा होती.

"काय लावलंयस?" दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका. वीज खात्यातून निवृत्त.

"झॅम्प, काका."

"झंपर?"

मी सोडून दिलं. काकांनी खुर्ची ओढली, म्हणजे आता जाणार नव्हते.

"अर्थिंग बघितलंस?"

"अर्थिंगचा प्रश्न नाही. कम्प्युटरला दारं असतात, पोर्ट म्हणतात. वेबसाइटचं दार 80 नंबरचं. तिथे दुसरंच कुणीतरी ठाण मांडून बसलंय."

"80? आपल्याकडे 48च फ्लॅट आहेत."

"कम्प्युटरमध्ये, काका."

"मग नोटीस काढ."

काळ्या खिडकीत नेटस्टॅट मारलं, म्हणजे कुठल्या दारात कोण ते विचारलं; त्याने दिलेला प्रोग्रामचा आकडा घेऊन टास्क मॅनेजरमध्ये शोधलं. दारात बसलं होतं वॉचमनच्या थम्ब मशीनचं सॉफ्टवेअर. मशीन दोन दिवाळ्यांपूर्वीच वारलं, पण सॉफ्टवेअर पागडीच्या भाडेकरूसारखं जागा धरून. मी ते काढायला गेलो तर काका खुर्चीतून उठले. "हात लावू नकोस! तेवीस हजार मोजलेत त्याचे." म्हणजे मेलेल्या मशीनचा मान राखून जिवंत अपाचीनेच दुसरं घर बघायचं. अपाचीच्या सेटिंगची फाइल, एचटीटीपीडी डॉट कॉन्फ, उघडून 'लिसन 80'चं 'लिसन 8080' केलं.

तेवढ्यात काकांचं बोट मारियाडीबीवर. "ही बाई कोण?"

मायएस्क्यूएल नावाचा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या मोंटी विडेनियसची मोठी मुलगी माय. तिच्या नावाचा डेटाबेस 2008 साली सन कंपनीकडे गेला, मग सनसकट ओरॅकलकडे. तेव्हा त्याने त्यातूनच दुसरा काढला आणि धाकट्या मारियाचं नाव दिलं. एवढं सगळं मी सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

"मुलगा नाही त्याला?"

"आहे, मॅक्स. त्याच्याही नावाचा एक डेटाबेस निघाला होता."

"मग ठीक."

आणि सहाला पान उघडलं. लोकलहोस्ट, पुढे 8080. आमच्या पाण्याच्या टाकीचा फोटो. काकांनी पत्ता मोबाईलवर उतरवला. "उघडत नाही."

"लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन. तुमच्या मोबाईलवर तो तुमच्याच मोबाईलमध्ये शोधणार."

"माझ्या मोबाईलमध्ये कुठे वेबसाइट आहे?"

"नाहीच आहे."

"मग बरोबर सांगतोय तो. उघडत नाही."

मी जिना चढेपर्यंत ग्रुपवर मेसेज: 'वेबसाइट झाली आहे, परंतु चालत नाही. माहितीस्तव.' लगेच कुणीतरी विचारलं, कितीला पडली? काका: 'फुकट.'

हे मात्र लागलं. फुकट अपाची आहे, मी नाही. नळाचा वॉशर बदलायला येणारा दहा मिनिटांचे तीनशे घेतो, वर त्याला चहा मिळतो, आणि कुणी त्याला "पाणी तर फुकटच ना" असं म्हणत नाही. मला चार तासांत पाण्याचा ग्लाससुद्धा मी उठून आणावा लागला.

रात्री सेक्रेटरींचा मेसेज: 'फुकटच आहे तर त्यातच मेन्टेनन्स भरायची सोयही टाकून घेऊ.' खाली अकरा अंगठे. मशीन बंद पडल्यापासून एवढे अंगठे मी एका जागी पाहिले नव्हते.