विमानतळ आधी की गाव आधी?

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या तिसऱ्या धावपट्टीचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘विमानतळ आधीपासून होता. लोक नंतर स्वस्तात घरं घेऊन शेजारी आले आणि आता आवाजाच्या नावानं ओरडतात. मूठभरांच्या कोर्टबाजीपायी धावपट्टी वीस वर्षं रखडली. एवढी भरपाई मिळते, मग तक्रार कसली?’

विमानतळ आधी? हीथ्रो हे मुळात एका वस्तीचं नाव. १९४४ मध्ये युद्धकाळातले अधिकार वापरून ती पाडली आणि १९४६ पासून तिथून नागरी विमानं उडू लागली. नव्या धावपट्टीच्या वाटेत येणाऱ्या हार्मंड्सवर्थ गावात १४२६ च्या सुमाराचं लाकडी धान्यकोठार अजून उभं आहे.

बरं, नंतर आलेल्यांचंच धरू. त्यांनी घर घेतलं ते दोन धावपट्ट्यांच्या हिशेबानं. तिथे बहुतेक दिवशी दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या घरांना निम्मा दिवस तरी शांतता मिळते. तिसरी आली की तो वाटाच आक्रसतो.

आणि शब्द कुणी दिला होता? हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलला परवानगी द्यावी का, याची जाहीर चौकशी ५२४ दिवस चालली. १९९९ मध्ये खुद्द विमानतळ कंपनीनं शेजाऱ्यांना पत्रं पाठवली की आम्हाला आणखी धावपट्टी नको. २००१ मध्ये मंजुरी मिळाली, ती वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-अवतरणं या मर्यादेवर. २००३ मध्ये सरकारी धोरणात तिसरी धावपट्टी हजर! पुढे हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन यांनी ती होणार नाही असं ठासून सांगितलं, २०१० मध्ये योजना रद्दही झाली, आणि २०१६ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं ती पुन्हा उचलून धरली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर दर वेळी दूधच पुढे येतं.

कोर्टबाजीचं म्हणाल तर, फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयानं धावपट्टीला पाठबळ देणारं सरकारी धोरण बेकायदा ठरवलं आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. दहा महिने. बाकीची वर्षं सरकारांच्या कोलांट्या आणि कोविडच्या खात्यावर टाका. शिवाय कोर्टात गेलेल्यांत लंडनचे महापौर होते, हिलिंग्डन आणि रिचमंडसारख्या स्थानिक कौन्सिल होत्या. यांना मूठभर म्हणायचं?

गरज खोटी नाही. २०२४ मध्ये तिथून जवळपास ८ कोटी ४० लाख प्रवासी गेले, दोन्ही धावपट्ट्या खचाखच भरल्या आहेत. आपण स्वतः त्याच गर्दीत असतो, हेही खरं.

भरपाईची रक्कम मात्र घर सोडून जाणाऱ्याची. भरपाईच्या हद्दीबाहेर एका गल्लीच्या अंतरावर उरलेल्याला फार तर खिडक्यांना जाड काचा. २०१५ मध्ये विमानतळ आयोगानं तिसरी धावपट्टी सुचवताना चौथीवर कायद्यानं बंदी घाला असंही म्हटलं होतं. हार्मंड्सवर्थमध्ये ही शिफारस वाचून कुणाला हसू आलं असेल तर नवल नाही.