तंजावरच्या मराठी राज्यात वाढलेली लुथरन मंडळी

तंजावरला जाणारे आपण मराठी लोक ठरलेल्या वाटेनंच फिरतो. बृहदीश्वर, तिथला भोसल्यांचा मराठी शिलालेख, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय. शिलालेखासमोर उभं राहिलं की ऊर भरून येतो, आणि यावाच. पण देवळाच्या शेजारीच शिवगंगा बाग आहे, त्या बागेत १७७९ सालचं एक चर्च आहे, आणि त्या चर्चात तंजावरचा मराठा राजा संगमरवरात कोरलेला आहे. आपल्या सहलींच्या यादीत ते नसतं. तंजावरच्या मराठ्यांवर भरभरून बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. हे मला फार दिवसांपासून खटकतंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गोष्ट सुरू होते समुद्रकाठी, तरंगमबाडीला. डॅनिश लोक तिला त्रांकेबार म्हणत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी तिथं व्यापारासाठी जागा मिळवली आणि डान्सबोर्गचा किल्ला बांधला. पुढं नायक गेले, व्यंकोजीराजे आले, आणि डॅनिश लोकांचा वार्षिक खंड मराठ्यांच्या दरबारात जमा होऊ लागला. ९ जुलै १७०६ ला डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं पाठवलेले दोन तरुण जर्मन पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ, तिथं उतरले, तेव्हा तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे होते. भारतीयांची पहिली लुथरन मंडळी, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या ख्रिस्ती लोकांचा समुदाय, उभी राहिली ती अशी: बंदर डॅनिश, पाळक जर्मन, भाषा तमिळ आणि पोर्तुगीज, आणि वेशीबाहेर पाऊल टाकलं की मराठ्यांचा मुलूख.

या मंडळीत पहिल्यांदा कोण आलं, हे जरा थांबून बघा. मे १७०७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेली पहिली पाच माणसं गुलाम होती. डॅनिश घरांत राबणारी. त्यांच्या मालकांसाठी गावात सायन चर्च होतंच, पण तिथली उपासना मालकांची आणि मालकांच्या भाषेतली. म्हणून त्याच वर्षी १४ ऑगस्टला या नव्या मंडळीचं स्वतःचं लहानसं चर्च अर्पण झालं. नाव ठेवलं जेरुसलेम. गावच्या डॅनिश अंमलदाराला हे सगळं अजिबात रुचलं नाही. पुढच्याच वर्षी त्यानं झीगेनबाल्गला किल्ल्यात डांबलं, ते सुमारे चार महिने. स्वतःच्याच राजानं पाठवलेल्या माणसाला! डॅनिश व्यापारी कंपनीला व्यापार हवा होता. गुलामांना अक्षरं शिकवणारा पाळक तिथं अडचणच होती.

पण माणसं येत राहिली आणि दहा-अकरा वर्षांत ते चर्च अपुरं पडलं. १७१७ मध्ये नव्या वास्तूची पायाभरणी झाली आणि ११ ऑक्टोबर १७१८ ला न्यू जेरुसलेम चर्च उघडलं. ते आजही किंग स्ट्रीटवर उभं आहे आणि दर रविवारी वापरात आहे. बांधणी क्रुसाच्या आकाराची, चारही भुजा सारख्या, आणि दर्शनी भिंतीवर फ्रेडरिक राजाची मुकुटासह राजमुद्रा. चर्च उघडल्यावर चारच महिन्यांनी झीगेनबाल्ग गेला. वय अवघं छत्तीस. त्याला याच चर्चात पुरलं आहे.

तेवढ्या बारा-तेरा वर्षांत त्यानं काय काय केलं! तमिळ शिकला, आणि गावातल्या पोरांच्या बरोबरीनं वाळूत अक्षरं गिरवत शिकला असं सांगतात. लंडनच्या एका संस्थेनं छापखाना पाठवला, तमिळ खिळे जर्मनीतल्या हाले शहरातून आले, आणि बायबलच्या नव्या कराराचं तमिळ भाषांतर १७१५ पर्यंत छापून पुरं झालं. त्या छापखान्यातून निघालेली पानं डॅनिश वेशीच्या आत थोडीच राहणार होती? पाळकांना तंजावरच्या राज्यात शिरायला मुभा नव्हती. पानांना कोण अडवणार?

तंजावरातल्या मंडळीचा उगम या पानांत आहे, आणि मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा माणूस इथंच भेटतो. राजनायकन त्याचं नाव. तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतला सैनिक. जन्मानं कॅथलिक. तमिळ छापील शास्त्र त्याच्या हाती पडलं, त्यानं ते वाचून काढलं आणि १७२० च्या दशकात तो तरंगमबाडीच्या लोकांना जाऊन मिळाला. पुढं आयुष्यभर उपदेशक म्हणून गावोगाव फिरला. युरोपीय पाळकांना तंजावरात ठाण मांडायला आणखी कित्येक वर्षं लागली. मंडळी त्यांच्या आधीच तिथं होती, आणि ती धरून ठेवली होती आपल्याच राजाच्या एका शिपायानं. १७३३ मध्ये आरोन या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली, पहिला भारतीय प्रोटेस्टंट पाळक. या दोघांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत सोडाच, चर्चच्या इतिहासावरच्या लेखांतसुद्धा ओझरती येतात.

नंतर आला आणखी एक जर्मन पाळक, क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. १७६६ मध्ये त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात चर्च उभं केलं, १७७८ पासून तंजावरला कायमचा राहिला. दरबारात दुभाष्याशिवाय बोलता यावं म्हणून हा माणूस मराठी शिकला. दुसरे तुळाजीराजे त्याला मानत. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. आसपासचे शेतकरी धान्य घेऊन येईनात, कारण आधी आणलेल्या धान्याचे पैसे बुडाले होते. दरबाराचा शब्द चालेना, इंग्रज कंपनीचा चालेना. श्वार्ट्झनं शब्द दिला तेव्हा बैल निघाले आणि धान्य आत आलं. एका परक्या पाळकाची पत राजापेक्षा मोठी ठरली, हे राज्यासाठी लाजिरवाणंच, पण घडलं खरं.

तुळाजींनी मृत्यूपूर्वी १७८७ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि मुलाचा हात श्वार्ट्झच्या हाती दिला. गादी तुळाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली, सरफोजींची आबाळ झाली, तेव्हा खटपट करून त्यांना मद्रासला हलवलं ते श्वार्ट्झनंच. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी लंडनचा नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून स्मारक घडवून घेतलं, तेच शिवगंगा बागेतल्या चर्चात आहे. अंथरुणावर श्वार्ट्झ, उशाशी दुसरा पाळक, पायथ्याशी शाळेतली तीन मुलं, आणि पलंगाशेजारी उभे सरफोजी, म्हाताऱ्याचा हात हातात घेतलेले. राजांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी श्वार्ट्झच्या थडग्याच्या दगडावर आहेत.

हे राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, हे मुद्दाम लिहिते, कारण कुणीतरी लगेच धर्मांतराचा विषय काढणार. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेणारे सरफोजी आणि चर्चात आपल्या गुरूचा हात धरून उभे राहिलेले सरफोजी एकच. एकाचा फोटो काढायचा आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, यात कसला इतिहासाभिमान? १८०५ मध्ये तंजावरला देवनागरी छापखाना काढणाऱ्या या राजाला छापील अक्षराची ओढ कुठून लागली असेल, याचाही विचार करून बघा.

आता कटू बाजू. चर्चच्या भिंती वाढल्या तरी आतली जात गेली नाही. एकाच छताखाली वरच्या म्हणवणाऱ्या जाती एका बाजूला आणि दलित ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. श्वार्ट्झचा लाडका शिष्य आणि सरफोजींचा दरबारी कवी वेदनायकम शास्त्री, तमिळ ख्रिस्ती गीतांचा केवढा मोठा माणूस, पण नव्या पाळकांनी जातवार बसणं बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यानं कडाडून विरोध केला. गुलामांच्या बाप्तिस्म्यानं सुरू झालेल्या मंडळीत हे व्हावं, याचं मला अतोनात वाईट वाटतं, आणि उत्सवी लेखांत ही बाजू गाळतात त्याचा रागही येतो.

पुढचं थोडक्यात. हालेहून पाळकांना मिळणारी मदत आटली, १८२० च्या दशकात तंजावरची मंडळी इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चकडे गेली, आज ती चर्च ऑफ साउथ इंडियात आहे. तरंगमबाडी लुथरनच राहिली. १८४५ मध्ये डेन्मार्कनं बंगालमधल्या सेरामपूरसह हे गाव साडेबारा लाख रुपयांत इंग्रजांना विकलं, जर्मनीतल्या लाइपझिग मिशननं काम हाती घेतलं, आणि १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्वतंत्र झालं. त्याचे बिशप त्रिचीला राहतात, पण पद आजही ‘तरंगमबाडीचे बिशप’ असंच. पहिले भारतीय बिशप व्हायला मात्र १९५६ उजाडावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा सगळा इतिहास आपल्याला कळतो तो हालेला गेलेल्या पत्रांमधून. पाळक नेमानं लिहीत, ती पत्रं १७१० पासून छापली जात, आणि आज ती तिथल्या संग्रहात नीट जपलेली आहेत. दुसरी बाजू, म्हणजे दरबाराची, तंजावरलाच मोडी रुमालांमध्ये बांधलेली आहे. त्यातलं फार थोडं वाचलं गेलंय. डॅनिश खंडाच्या नोंदी, पाळकांना दिलेले परवाने, चर्चच्या जागेची कागदपत्रं, राजनायकनसारख्या शिपायांच्या हजेऱ्या, हे कुठं सापडायचं असेल तर तिथंच, आणि ते वाचू शकणार आपणच, कारण भाषा मराठी आहे. मोडी शिकवणारे वर्ग आता गावोगाव चालतात. शिकलेल्यांपैकी कुणी हा विषय घेणार असेल तर खाली जरूर लिहा. आणि तंजावरला जाणार असाल तर एक दिवस वाढवा. शिवगंगा बाग देवळाला लागूनच आहे, तरंगमबाडी शंभरेक किलोमीटरवर. रविवारी सकाळी पोचलात तर उपासना तमिळमध्ये ऐकायला मिळेल.