करंगळीएवढे दोन पाइप

माझ्या गाडीच्या इंजिनात पार मागच्या बाजूला, जिथे हात जात नाही आणि गेलाच तर सोलवटल्याशिवाय बाहेर येत नाही अशा जागी, करंगळीएवढ्या जाडीचे दोन रबरी पाइप आहेत. इतकी वर्षं ते तिथे होते आणि मला त्यांचा पत्ताही नव्हता, त्यांचीही काही तक्रार नव्हती, मग एकाला चीर गेली, पार्किंगमध्ये हिरवं पाणी सांडलं आणि सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, "हे कोणाचे?" (गंमत बाजूला ठेवून एक सांगतो, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हे हिरवं पाणी, चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात, त्यामुळे सांडलं की लगेच भरपूर पाण्यानं धुवून टाका.)

गाडी २००० सालच्या आसपासची, पेट्रोल, कार्ब्युरेटर जाऊन नुकतं इंजेक्शन आलं होतं त्या पिढीतली. आरटीओत री-पासिंग झालंय, पर्यावरण कर भरलाय, पीयूसी आहे, तरी लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस "अजून चालते का?" असं विचारतो, म्हणजे आजोबांची तब्येत विचारतात त्या आवाजात.

तर हे पाइप जातात आयडल वाल्वकडे. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, मग इंजिन जिवंत ठेवायला हवा कुठून येणार, तर बाजूच्या एका बारीक वाटेनं, आणि त्या वाटेवर किती हवा सोडायची ते हा वाल्व ठरवतो. इंजिन गार असताना जास्त सोडायची, म्हणजे ते १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्या) पळून पटकन तापतं, तापलं की कमी करत करत साडेसातशेवर आणून ठेवायचं. आता इंजिन तापलं हे वाल्वला कळणार कसं? तेवढ्यासाठी गरम कूलंट एका पाइपानं त्याच्या पोटातून फिरवायचं आणि दुसऱ्या पाइपानं परत न्यायचं. माझ्या गाडीतल्या वाल्वमध्ये मेण आहे, खरंखुरं मेण, थर्मोस्टॅटमध्ये असतं तसलंच, ते तापलं की वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि हवेची वाट अरुंद होत जाते. काही गाड्यांत मेणबिण नसतं, सगळं इलेक्ट्रिक मोटर करते आणि कूलंट येतं ते फक्त थंड देशात तिथे बर्फ धरू नये म्हणून. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावर आहे.

आमच्या मेकॅनिकला हा फरक मान्य नव्हता.

"साहेब, हे परदेशातलं फॅड आहे. पुण्यात बर्फ पडतो का?"

"नाही."

"मग काढून टाकू. नसतं लफडं कशाला?"

आता या युक्तिवादाला काय उत्तर देणार सांगा. पुण्यात पारा ८-१० अंशांवर आला तरी पेपरात शेकोटीचे फोटो छापून येतात, बर्फ कसला पडतोय. त्यानं दोन्ही पाइप काढले, इंजिनाकडच्या दोन्ही तोंडांवर रबरी टोप्या बसवल्या, वाल्वची तोंडं उघडीच ठेवली, हात पुसले आणि चहा सांगितला. गळती बंद. मी खूश, सेक्रेटरी खूश.

दुसऱ्या दिवशी घरातून निघालो तर गाडी एकदम शहाण्यासारखी. विद्यापीठ चौकापर्यंत तापली आणि सिग्नलला उभी राहिली तशी सुरू झाली: भूंऽऽऽ... धप्प... भूंऽऽऽ... धप्प. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, हात गिअरवर नाही, मी नुसता बसलोय आणि गाडी आपली आपण रेस होतेय. शेजारच्या बुलेटवाल्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे बघितलं, आणि मग हा काका आपल्याला रेस लावतोय अशी खात्री पटून त्यानंही उत्तर द्यायला सुरुवात केली. सिग्नल सुटेपर्यंत आमचा संवाद चालू होता.

याला हंटिंग म्हणतात. आणि ते का होतं हे कळल्यावर मला गाडीच्या कॉम्प्युटरची दयाच आली. त्याचा स्वतःचा वेगळा सेन्सर असतो, तो सांगतो की इंजिन तापलंय. मेण मात्र गारच, कारण त्याच्यापर्यंत गरम पाणीच जात नाही, त्यामुळे हवा बदाबदा आत येतेय. कॉम्प्युटर बघतो, इंजिन तापलेलं, पाय काढलेला, आणि आरपीएम तर १५००च्या वर, म्हणजे साहेब गिअरमध्ये खंबाटकी उतरतायत, मग पेट्रोल कशाला वाया घालवा, बंद. बंद केलं की आरपीएम धाडकन खाली. अरेच्चा, घाट संपला वाटतं, सोड पेट्रोल. सोडलं की परत वर, परत घाट. असा मी विद्यापीठ चौकात जागच्या जागी खंबाटकी उतरत होतो आणि मागचा पीएमपीवाला हॉर्न मारत होता.

सल्ल्यांचं काय विचारता. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले प्लग बदला, ते प्रत्येक गोष्टीला प्लग बदला म्हणतात, एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हाही म्हणाले होते. मेहुणा म्हणाला पंप बदल, त्या पंपावरचं पेट्रोलच खराब आहे. मेकॅनिकनं थ्रॉटलचा स्क्रू पिळून बघितला, तर गरम झाल्यावर थोडी बरी आणि सकाळी गार असताना दोनदा बंद, मग तो परत होता तिथे. शेवटी मीच म्हणलं, पाइप परत लावायचे.

मग नाना पेठ. कंपनीचा साच्यातून काढलेला पाइप, दोन जागी वाकलेला, हा प्रकार आता मिळत नाही. दुकानदारानं मीटरवर मिळणारा पाइप पुढे टाकला. बघतो तर त्यावर बारीक अक्षरात फ्युएल लिहिलेलं. म्हणलं हा पेट्रोलचा आहे, मला कूलंटचा हवाय. तर म्हणाला, "दोन्ही काळेच असतात हो." आता पेट्रोलचा पाइप नायट्राइल रबराचा, त्याला गरम कूलंट फार दिवस सोसत नाही, आणि कूलंटचा ईपीडीएमचा, तो पेट्रोलमध्ये फुगतो, हे मी त्याला भर गर्दीत सांगत होतो आणि मागचं गिऱ्हाईक मला "तुम्ही प्रोफेसर का?" असं विचारत होतं. त्यानं शेवटी माळ्यावरून बरोबर पाइप काढून दिला, पण चेहऱ्यावर असा भाव की असल्या लोकांमुळेच धंदा बसतो.

पाइप आला, आता तो न्यायचा कसा? वाटतं काय, एक टोक इकडे, एक टोक तिकडे. सरळ पाइप वाकवला की कोपऱ्यात चपटा होतो, आणि चपटा झाला की पाणी बंद. म्हणून मोठं वळण द्यायचं. वरून वळण दिलं तर थ्रॉटलच्या केबलला घासतं, म्हणजे एक दिवस ॲक्सिलरेटर अडकणार. खालून दिलं तर एक्झॉस्टच्या जवळ जातं, तिथे पाइपाचा पापड. डावीकडून न्यावं तर ब्रेक बूस्टरचा पाइप आडवा, उजवीकडून न्यावं तर वायरिंग. वर उंच कमान करून न्यावं तर कमानीच्या टोकाला हवा अडकून बसते. एवढ्या भानगडी आमच्या बिल्डरनं ड्रेनेजची लाइन टाकतानाही केल्या नसतील (केल्याच नाहीत, ते दर पावसाळ्यात दिसतं). त्यात त्या स्प्रिंगच्या क्लिपा. पक्कडीनं दाबून धरायच्या, पाइप सरकवायचा आणि सोडायच्या. एक सुटली ती टण्णकन उडाली आणि इंजिनातच कुठंतरी राहायला गेली. खाली पडली नाही, हे नक्की.

मेकॅनिकनं शेवटी दोन्ही पाइप बसवले. दिसायला इतके सुंदर बसवले की मी फोटो काढला. गाडी चालू केली, तापू दिली. भूंऽऽऽ... धप्प.

आता मात्र मेकॅनिक "वाल्व गेला साहेब, नवीन टाका" वर आला. नवीन वाल्वची किंमत ऐकून मी नाना पेठेतल्याच एका जुन्या गॅरेजमधल्या चाचांकडे गेलो. चाचांनी बॉनेट उघडलं, काही विचारलं नाही, हत्यार घेतलं नाही. रेडिएटरच्या मोठ्या पाइपाला हात लावला, चटकन काढला. मग त्या दोन बारीक पाइपांना हात लावला आणि तसाच ठेवला.

"थंडे हैं," म्हणाले. आणि मग माझ्यासाठी मराठीत, "पाणी फिरत नाहीये. दोन्ही एकाच घरातून आणलेत."

भानगड अशी होती की इंजिनावर त्याच मापाची तीन-चार तोंडं असतात. एक पाइप पंपानं ढकललेल्या पाण्याच्या बाजूला लावायचा आणि दुसरा पंप ओढून घेतो त्या बाजूला, तेव्हा पाणी वाहतं. आमच्या कलाकारानं दोन्ही ढकलणाऱ्या बाजूलाच लावले होते, म्हणजे वाल्वमध्ये पाणी पोचलं होतं पण दोन्हीकडून सारखाच दाब, त्यामुळे ते तिथेच गप्प उभं. चाचांनी एक पाइप काढला, पंपाकडे परत जाणाऱ्या लोखंडी नळीवरच्या रबरी टोपीखाली दडलेलं तोंड शोधलं, तिथे लावला, केबलच्या खालून, वायरिंगच्या बाजूनं, दोन ठिकाणी प्लॅस्टिकच्या टायनं बांधून. चहा गार व्हायच्या आत. पैसे इतके कमी घेतले की मलाच लाज वाटली.

वर म्हणाले, "हवा घरी काढा. नाक वर करून उभी करा."

नाक वर करायला आमच्याकडे एकच जागा, बेसमेंटच्या पार्किंगचा रॅम्प. मे महिना, दुपार. वॉचमन म्हणाला इथे गाडी लावायची नाही, त्याला म्हणलं लावत नाहीये, हवा काढतोय, तो म्हणाला चाकातली का, म्हणलं नाही, पाण्यातली, मग तो काही बोलला नाही. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं (गरम असताना कधीही नाही, तोंड भाजतं), इंजिन चालू करायचं, बुडबुडे येतील तसं कूलंट भरत राहायचं, पंखा आपोआप लागून बंद होईपर्यंत, तेही दोनदा. आणि या सगळ्या वेळात हीटर फुल गरमवर पाहिजे, म्हणजे हीटरमधूनही पाणी फिरतं. बाहेर अंगाची लाही होतेय आणि मी गाडीत बसून हीटर लावलाय. वरचे काका गॅलरीतून बघत होते. हाक मारून म्हणाले, "प्लग बदलले का?"

पंखा दुसऱ्यांदा लागला. भूंऽऽऽचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि काटा साडेसातशेवर येऊन बसला. मी खाली उतरून पाइपांना हात लावला. दोन्ही गरम. त्या आनंदात बायकोला खाली बोलावलं, म्हणलं बस, ऐक.

ती बसली, आत भट्टी झालेली बघून तिनं आधी हीटर बंद करून एसी लावला. आरपीएम जरासे वर गेले.

"अहो, आवाज वाढला."

म्हणलं तो वाढायलाच पाहिजे, एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनावर ओझं पडतं, मग कॉम्प्युटर थोडी जास्त हवा सोडतो, त्याचं कामच आहे ते.

"मग इतके दिवस एसी न लावता वाढत होता तेव्हाही ते त्याचं कामच होतं का?"