रिकाम्या शाळेचं काय करू नये

तुमच्या वस्तीतली सरकारी शाळा बंद पडली असेल तर आधी अभिनंदन. मुलं होती तोवर त्या इमारतीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कुलूप लागल्यावर तिच्याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत आहे. तुमचं नसेल तर आज रात्रीपर्यंत बनवून टाका, उद्या सभा आहे. सभा शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, उभ्याने. वस्तीत चार माणसं बसतील अशी जागाच नाही, त्याला कोण काय करणार?

सभेआधी इमारत आतून बघायच्या भानगडीत मात्र पडू नका. मत डळमळतं. वायरमन मीटर काढायला आला तेव्हा मी त्याच्या मागोमाग आत शिरलो होतो, म्हणून सांगतो. हात धुवायचे नळ माझ्या गुडघ्याच्या जरासे वर. फळ्याच्या कोपऱ्यात शेवटच्या दिवसाची नोंद तशीच: पट ११, हजर ९. शेवटच्या दिवशीसुद्धा दोघांनी दांडी मारली, हे बघून बरं वाटलं. व्हरांड्यात एकाच जागी पाणी ठिबकून फरशीवर हिरवं शेवाळ धरलेलं. वर गेलो तर गच्चीवरच्या पाणी जायच्या तोंडाशी पानांचा बोळा. तो काढायला एक माणूस, एक शिडी आणि अर्धा तास पुरे. पण असले किरकोळ विषय सभेत काढायचे नसतात. तिथे दूरदृष्टी लागते.

सूचना कुठलीही येवो, अडचण खिशात तयार ठेवा. ग्रंथालय म्हटलं की वजन काढा. हे खरंही आहे. खच्चून भरलेल्या पुस्तकांच्या कपाटांचा भार वर्गभर मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि वर्गाचा स्लॅब मुलांच्या हिशेबाने टाकलेला असतो. फक्त ‘मग कपाटं तळमजल्यावर ठेवू’ असं कुणी म्हणायच्या आत विषय बदला. घरं करू म्हटलं की संडास दाखवा: सगळे एका टोकाला, वर्गावर्गात नळ आणि मोरी न्यायची तर अर्धी इमारत फोडायला हवी. म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र म्हटलं की जिने मोजा. तरुणांसाठी काही म्हटलं तर नुसत्या भुवया उंचवा, पुढचं बाकीचे बघतील.

आणि काहीच सुचलं नाही तर पार्किंग. शाळा भरात होती तेव्हा शेकडो मुलं दोन वेळा या रस्त्याने यायची-जायची, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कारण ती पायी यायची. पण बारा म्हातारे संध्याकाळी पत्ते खेळायला येणार म्हटल्यावर गाड्या कुठे लावायच्या, या काळजीने अख्ख्या गल्लीची झोप उडते.

सभेत एखाद्या अभ्यासू बाई असतातच. त्या सांगतील की क्योटोत १९२९ साली बांधलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांचं संग्रहालय उघडलं. जपानातच मुरोतोला २०१८ पासून एका बंद शाळेत मत्स्यालय आहे आणि मुलांच्या पोहण्याच्या तलावात समुद्री कासवं फिरतात. न्यूयॉर्कमध्ये बंद सरकारी शाळेत १९७६ साली कलाकेंद्र सुरू झालं, त्याने तर ‘पीएस वन’ हे शाळेचंच नाव लावलं. लोक ऐकायला लागलेत असं दिसताच हळूच म्हणा, “आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे.” वेगळी म्हणजे काय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यातून बाईंनी पोर्टलंडच्या केनेडी शाळेचं नाव घेतलं तर हात जोडून आभार माना. ती १९७५ मध्ये बंद झाली आणि तिचं हॉटेल झालं १९९७ मध्ये. खोल्यांत अजून फळे आहेत म्हणे. असू देत, आपल्या कामाचा आकडा मधल्या २२ वर्षांचा. आपल्याला तर अजून चारच झालीत.

माजी विद्यार्थ्यांना मात्र दुखवू नका. ‘या भिंतींनी आम्हाला घडवलं’ म्हणताना त्यांचा गळा खरोखरच दाटून येतो. त्यांनी स्वतःच्या मुलांना लांबच्या शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि पट ११ वर आला, हा हिशेब त्यांच्यासमोर मांडणं असभ्यपणाचं आहे. त्यांना भिंती हव्या आहेत. भिंतींच्या आत काही चालावं, असा त्यांचा आग्रह कधीच नव्हता.

एवढं करून निर्णय झाला नाही म्हणून खंत करू नका. गच्चीवर साठलेलं पाणी सभेची वाट बघत नाही. ते स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते, गंज चढला की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. मग एक दिवस कुणीतरी येऊन भिंतीवर ‘धोकादायक इमारत’ असं रंगवून जातं आणि जे कुणाला जमलं नाही ते एकमत दहा मिनिटांत होतं. तोवर समिती नेमा. सर्वेक्षणाचा फॉर्म छापा आणि त्यात ‘इतर’ हा रकाना मोठा ठेवा.

गेल्या सभेत मागे उभ्या असलेल्या एका पोराने विचारलं, “तोपर्यंत गच्ची कोण साफ करणार?” अध्यक्षांनी तोंडभर कौतुक केलं आणि प्रश्न ‘ऐनवेळचे विषय’मध्ये घेतला. तिथवर आम्ही पोहोचणार, तेवढ्यात पावसाची सर आली. सगळे व्हरांड्यात आसरा घ्यायला म्हणून फाटकाकडे धावलो. कुलूप होतं. किल्ली कुणाकडे असते, यावर भिजत भिजत दोन गट पडले.